कॅम घेण्याआधी फट मोजा: पिस्टन आणि व्हॉल्व्हमधल्या अंतराचा हिशोब

मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला दांडा) घ्यायला निघालेला माणूस कॅटलॉगात आधी लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो त्याचा, आकडा बघतो. व्हॉल्व्ह पंधरा मिलिमीटर उघडणार म्हटल्यावर पहिली धास्ती हीच, की तो पिस्टनवर आपटणार. धास्ती बरोबर आहे, पण आकडा चुकीचा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हा पिस्टन बराच खाली गेलेला असतो. टक्कर होते ती व्हॉल्व्ह जेमतेम तीन-चार मिलिमीटर उघडा असताना, कारण त्या वेळी पिस्टन अगदी माथ्याशी असतो. म्हणून कॅम निवडताना विचारायचा प्रश्न एकच: पिस्टन टीडीसीजवळ (टॉप डेड सेंटर, पिस्टनचा सर्वात वरचा बिंदू) असताना हा कॅम व्हॉल्व्ह किती उघडा ठेवतो, आणि आपल्या इंजिनात तेवढी जागा आहे का?

हे आकड्यांत समजावं म्हणून एकच इंजिन धरू: शेवरलेचं एलएस-१. १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर आलेलं हे ५.७ लिटरचं व्ही-८ अमेरिकेत कॅम बदलणाऱ्यांचं आवडतं इंजिन आहे. पुशरॉडचं, हायड्रॉलिक रोलर टॅपेटचं, सिलिंडरमागे दोनच व्हॉल्व्ह. म्हणजे कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉड नावाची दांडी ढकलतो, ती रॉकर नावाची तरफ हलवते आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. बोअर ९९ मिमी, स्ट्रोक ९२ मिमी, कनेक्टिंग रॉड सुमारे १५४.९ मिमी, रॉकरचं गुणोत्तर १.७, व्हॉल्व्ह १५ अंशांत कललेले. कंपनीचा पिस्टन माथ्याला सपाट, त्यावर व्हॉल्व्हसाठी खाचा नाहीत, आणि टीडीसीला तो ब्लॉकच्या तोंडापेक्षा केसभर वरच येतो. त्यामुळे जागेची चणचण या इंजिनात लवकर जाणवते. पद्धत मात्र बुलेटपासून जिप्सीपर्यंत कुठल्याही चार-स्ट्रोक इंजिनाला लागू पडते. फक्त आकडे आपापले मोजायचे.

मापं मिलिमीटरमध्ये देतो, पण कॅमच्या धंद्यात सगळं थाऊमध्ये बोललं जातं, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एक थाऊ ०.०२५४ मिमी. ५० थाऊ म्हणजे १.२७ मिमी, १०० थाऊ म्हणजे २.५४.

टक्कर नेमकी कुठे होते

एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर येत असतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत असतो. पिस्टन व्हॉल्व्हच्या मागे लागलेला. टीडीसी येण्याच्या आधीच इनलेट व्हॉल्व्ह उघडायला लागतो. टीडीसी ओलांडली की पिस्टन खाली निघतो आणि इनलेट त्याच्या मागे लागतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे थोडे उघडे असतात तो काळ म्हणजे ओव्हरलॅप, आणि सगळा धोका याच काळातला.

सर्वात कमी फट नेमकी टीडीसीवर नसते. टीडीसीला पिस्टन क्षणभर थांबतो, व्हॉल्व्ह मात्र चालूच असतो. म्हणून टीडीसीनंतरही इनलेटची फट कमी होत जाते. पिस्टनचा वेग वाढून व्हॉल्व्हच्या वेगाइतका झाला की ती कमी व्हायची थांबते. हे सहसा टीडीसीनंतर ८ ते १२ अंशांच्या दरम्यान होतं. एक्झॉस्टचं उलट: सर्वात कमी फट टीडीसीच्या आधी तेवढ्याच अंशांवर.

एलएस-१ मध्ये क्रँक टीडीसीपासून ५ अंश फिरल्यावर पिस्टन फक्त ०.२३ मिमी खाली जातो. ८ अंशांवर ०.५८, १० वर ०.९, १५ वर २.०, आणि २० अंशांवर ३.६ मिमी. पहिल्या दहा अंशांत पिस्टन जागचा जवळजवळ हलतच नाही आणि पुढच्या दहात तो तिप्पट अंतर कापतो. तपासणी टीडीसीच्या आधी २० ते नंतर २० अंश एवढ्याच टापूत करायची, ती यासाठी.

आता पूर्ण लिफ्टची गोष्ट. इनलेटचा सर्वोच्च बिंदू टीडीसीनंतर ११२ अंशांवर आहे असं धरलं, तर त्या वेळी पिस्टन ६९ मिमी खाली असतो. व्हॉल्व्ह पंधरा मिमी उघडला काय नि अठरा, तिथे टक्कर शक्य नाही. एकाच लिफ्टचे दोन कॅम घेतले, तर एक सुखाने बसेल आणि दुसरा व्हॉल्व्ह वाकवेल असं सहज होऊ शकतं.

कॅम कार्डावरून काय काढायचं

कॅमसोबत एक कार्ड येतं. त्यावर ५० थाऊला ड्युरेशन, लोब सेपरेशन आणि इनटेक सेंटरलाइन हे तीन आकडे बघा. ५० थाऊला ड्युरेशन म्हणजे टॅपेट १.२७ मिमी उचलला गेल्यापासून परत तेवढ्यावर येईपर्यंत क्रँक किती अंश फिरली ते. इनटेक सेंटरलाइन म्हणजे टीडीसीनंतर किती अंशांवर इनलेट सर्वाधिक उघडा असतो ते. लोब सेपरेशन म्हणजे इनलेट आणि एक्झॉस्टच्या लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्यांच्या) शिखरांमधला कॅमवरचा कोन. जाहिरातीतलं ड्युरेशन बाजूला ठेवा. ते कंपनी कुठून मोजते यावर अवलंबून असतं आणि दोन कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत.

उदाहरणाला २२८/२३२ चा कॅम घेऊ: इनलेटचं ड्युरेशन २२८, एक्झॉस्टचं २३२, लोब सेपरेशन ११२, सेंटरलाइनही ११२. इनलेट कधी उघडतो? ड्युरेशनचा निम्मा ११४, त्यातून सेंटरलाइन ११२ वजा, उरले २. म्हणजे टीडीसीच्या २ अंश आधी टॅपेट ५० थाऊ वर आलेला आहे. रॉकर १.७ चा, म्हणून त्याच क्षणी व्हॉल्व्ह १.२७ गुणिले १.७, म्हणजे २.१६ मिमी उघडा. एक्झॉस्टचं तसंच: २३२ चा निम्मा ११६, वजा एक्झॉस्टची सेंटरलाइन (लोब सेपरेशनची दुप्पट वजा इनटेक सेंटरलाइन) ११२, बरोबर ४. टीडीसीनंतर ४ अंशांवर तो बंद होताना ५० थाऊवर येतो, म्हणजे टीडीसीला तो अजून २.१६ पेक्षा जास्तच उघडा आहे.

आता हाच कॅम क्रँकच्या मानाने ४ अंश पुढे सरकवला, म्हणजे अ‍ॅडव्हान्स केला तर? सेंटरलाइन १०८ होते. इनलेट ६ अंश आधी ५० थाऊवर पोहोचतो आणि एक्झॉस्ट बरोबर टीडीसीला. म्हणजे इनलेटची फट कमी झाली, एक्झॉस्टची वाढली. रिटार्ड केला तर उलट. लोब सेपरेशन ११२ वरून ११० केलं की दोन्ही व्हॉल्व्ह पिस्टनकडे सरकतात आणि दोघांची फट घटते.

किती घटते याचा ढोबळ हिशोब साधा आहे. फट सर्वात कमी असते तिथे व्हॉल्व्हचा आणि पिस्टनचा वेग सारखा असतो, हे वर आलंच. एलएस-१ चा पिस्टन ८ ते १० अंशांच्या आसपास दर अंशाला ०.१५ ते ०.१८ मिमी सरकतो. कॅम एक अंश पुढेमागे केला की फटीतही जवळजवळ तेवढाच फरक पडतो: अंशामागे सहा-सात थाऊ. बरेच बिल्डर सुरक्षित बाजूने अंशामागे दहा थाऊ धरतात, आणि नुसत्या अंदाजावर काम करायचं असेल तर तेच बरं.

इथे एक घोळ नेहमी होतो. बरेच कॅम मुळातच अ‍ॅडव्हान्स घासलेले असतात. कार्डावर ११२+४ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ खुणेवर खूण जुळवून बसवला तरी सेंटरलाइन १०८ च येणार. ते न वाचता टायमिंग सेटमधून (कॅम फिरवणारी चेन आणि तिची चाकं) आणखी ४ अंश अ‍ॅडव्हान्स दिला, की सेंटरलाइन १०४ वर जाते आणि इनलेटची अर्धा मिमीहून जास्त फट हिशोबाबाहेर उडते.

किती फट हवी

स्टीलच्या कनेक्टिंग रॉडला सर्वमान्य किमान माप असं: इनलेटला ८० थाऊ, म्हणजे २.०३ मिमी, आणि एक्झॉस्टला १०० थाऊ, म्हणजे २.५४ मिमी. अ‍ॅल्युमिनियमचे रॉड जास्त ताणतात, त्यांना आणखी तीसेक थाऊ लागतात. व्हॉल्व्हची कड आणि पिस्टनमधल्या खाचेची भिंत यांच्यात चहूबाजूंनी किमान ५० थाऊ, जमलं तर ६०.

गॅरेजमधलं इंजिन हाताने फिरतं, रस्त्यावरचं सहा-साडेसहा हजार आरपीएमला. त्या वेगाला रॉड ताणतो, क्रँक किंचित लवते, पिस्टन बोअरमध्ये डुलतो, टायमिंग चेन सैलावते, पुशरॉड वाकून सरळ होतात. माथ्यावर कार्बन साचतो तो वेगळाच. सगळ्यात वाईट म्हणजे स्प्रिंग कमजोर असली तर व्हॉल्व्ह लोबच्या आकाराप्रमाणे वागायचा बंद होतो, त्याला फ्लोट म्हणतात. बंद होत असलेला एक्झॉस्ट रेंगाळला तर मागून येणारा पिस्टन त्याला गाठतोच. शिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि लांबतो, आणि चेन सैल होत गेली की कॅम रिटार्ड होतो, म्हणजे पुन्हा एक्झॉस्टचीच फट कमी. त्याला वीस थाऊ जास्त देण्यामागे ही सगळी कारणं आहेत.

७० थाऊवर इंजिनं चालवणारे लोक आहेत. त्यांच्याकडे त्या इंजिनाच्या स्प्रिंगचा, रॉडचा आणि आरपीएमचा नेमका अभ्यास असतो. गिअर बदलताना पाचऐवजी तिसरा पडू शकतो अशा गाडीत त्यांची नक्कल करू नये.

कॅम विकत घेण्याआधीची मोजणी

बहुतेक जण कॅम आणतात, बसवतात आणि मग फट तपासतात. तोवर पैसे गेलेले असतात. त्याऐवजी जागा किती आहे ते जुन्याच कॅमवर, हेड न उतरवता मोजता येतं. लागणारं सामान: चुंबकी स्टँडवरचा डायल गेज, डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती), प्लगच्या भोकात बसणारा पिस्टन स्टॉप, आणि दोन हलक्या तपासणी-स्प्रिंगा. या स्प्रिंगा बोटाने दाबता येतील इतक्या नरम असतात.

सगळे प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरेल. आधी खरी टीडीसी शोधायची. पुलीवरच्या खुणेवर विसंबू नका. पिस्टन स्टॉप लावा, क्रँक हळू फिरवून पिस्टन टेकला की डिग्री व्हीलवरचा आकडा टिपा. उलट्या दिशेने फिरवून दुसरीकडून टेकवा, तो आकडा टिपा. दोन्हींच्या बरोबर मध्यावर टीडीसी. स्टॉप लावलेला असताना स्टार्टरला हातही लावायचा नाही.

मग स्टॉप काढून एक नंबरचा पिस्टन टीडीसीवर आणा आणि त्या सिलिंडरचे रॉकर काढा. पिस्टन वर असल्यामुळे स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडत नाही, पिस्टनवर टेकून राहतो. मूळ स्प्रिंगांच्या जागी हलक्या स्प्रिंगा लावा. डायल गेजची दांडी रिटेनरवर (स्प्रिंग धरणाऱ्या टोपीवर) अशी टेकवा की ती व्हॉल्व्हच्या दांड्याच्या रेषेत राहील. तिरकी लागली तर माप खोटं येतं. डायल शून्य करा, व्हॉल्व्ह अंगठ्याने दाबून पिस्टनला टेकवा, वाचा. ही झाली टीडीसीची मोकळी जागा. आता क्रँक ८, १०, १२ आणि १५ अंशांवर नेऊन तेच करा. टीडीसीच्या आधी आणि नंतर आकडे जवळजवळ सारखेच येतात, तरी इनलेटला नंतरचे आणि एक्झॉस्टला आधीचे घ्या.

दुसऱ्या बाजूच्या बँकवरही (सिलिंडरच्या रांगेवरही) किमान एक सिलिंडर मोजा. ब्लॉकची उंची, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह सीट किती खोल कापली आहे, हे सगळं सिलिंडरगणिक थोडं थोडं बदलतं. जुन्या, एकदा काम झालेल्या हेडवर तर हमखास.

आता कॅम विकणाऱ्याकडून अंशागणिक लिफ्टचा तक्ता मागा, किंवा निदान टीडीसीची लिफ्ट. चांगल्या कंपन्या देतात. तक्ता टॅपेटच्या लिफ्टचा असेल तर रॉकरच्या गुणोत्तराने गुणा. मोकळ्या जागेतून व्हॉल्व्हची लिफ्ट वजा केली की फट हातात.

वरच्या २२८/२३२ च्या कॅमवर करून बघू. समजा मोजल्यावर इनलेटची मोकळी जागा टीडीसीला ५.६ मिमी आणि ८ अंशांवर ६.२ मिमी आली. पिस्टन ०.५८ खाली गेला आणि जागा ०.६ वाढली, कारण व्हॉल्व्ह कललेला आहे. तक्त्यात ८ अंशांवर इनलेट ३.६ मिमी उघडा दिसतो. फट २.६ मिमी. लागणार २.०३, म्हणजे कॅम बसतो. एक्झॉस्टची जागा टीडीसीच्या ८ अंश आधी समजा ६.६ मिमी आणि तिथे लिफ्ट ३.८. फट २.८, लागणार २.५४. बसतो.

तोच कॅम ४ अंश अ‍ॅडव्हान्स केला, की इनलेटचे ०.६ ते ०.६५ मिमी गेले. उरले १.९५ च्या आसपास, किमान मापाच्या खाली. एक्झॉस्टला मात्र ३.४ मिमी. अशा वेळी अ‍ॅडव्हान्स दोनच अंश ठेवला तर इनलेट सव्वादोन मिमीच्या वर राहतो आणि दोन्ही बाजू सुरक्षित. एक पैसा न खर्चता.

मोठा कॅम आणि फेस मारलेलं हेड

जास्त ड्युरेशनचा कॅम इनलेट उशिरा बंद करतो. कमी आरपीएमला थोडी हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलली जाते आणि खालचा जोर कमी होतो. त्यावर उपाय म्हणून कॉम्प्रेशन वाढवायचं, आणि त्यासाठी हेड फेस मारून, म्हणजे त्याचा खालचा सपाट भाग मशीनवर कापून, घ्यायचं, हा नेहमीचा क्रम. म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनकडे नेला कॅमने आणि आख्खं हेड खाली आणलं मिलिंगने. दोन्ही कामं वेगवेगळ्या माणसांकडे दिलेली असली की हिशोब कुणाच्याच वहीत नसतो.

हेडवरून ०.५ मिमी काढलं तर एलएस-१ मध्ये व्हॉल्व्हच्या रेषेत ०.५२ मिमी जागा जाते. कलामुळे किंचित जास्तच. वरच्या उदाहरणात अ‍ॅडव्हान्स केलेल्या कॅमचा इनलेट १.९५ वरून १.४३ वर येतो. पुशरॉडच्या इंजिनात हेड खाली आल्यावर पुशरॉडही लांब पडतात, तेव्हा त्यांची लांबी नव्याने मोजावी लागते. नाहीतर टॅपेटचा प्लंजर (आतला सरकणारा भाग) गरजेपेक्षा जास्त दाबला जातो.

गॅस्केट बदलूनही जागा बदलते. एलएस-१ चं मूळ गॅस्केट दाबल्यावर सुमारे १.३ मिमी उरतं. एक मिमीचं लावलं तर ०.३ मिमी गेले. मोठे व्हॉल्व्ह बसवले तर कललेल्या व्हॉल्व्हची कड पिस्टनच्या आणखी जवळ येते: व्यास १.४ मिमीने वाढला तर जवळजवळ ०.१९ मिमी. रॉकर १.७ चे काढून १.८ चे लावले तर टीडीसीजवळची लिफ्टही त्याच प्रमाणात वाढते. आपल्या उदाहरणात ३.६ ची ३.८. एकेक आकडा किरकोळ वाटतो. सगळे एकाच इंजिनात एकत्र आले की मिलिमीटरभर जागा जाते, आणि हातात असतात फक्त दोन-अडीच.

ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत, हेड फेस मारण्याचा आणखी एक परिणाम होतो. हेडबरोबर कॅमही क्रँककडे सरकतो, बेल्ट किंवा चेनचा उरलेला ढिलावा टेन्शनर खातो आणि कॅम थोडा रिटार्ड होतो. मग एक्झॉस्टची फट दोनदा कमी होते: एकदा मिलिंगने, एकदा रिटार्डने. गरम होऊन वाकलेलं हेड लेथवर दोन-तीनदा फेस मारून आलेलं असेल, तर कॅम मूळचाच असला तरी ही तपासणी करायला हवी.

नवा कॅम बसवल्यावर

कागदावरचा हिशोब कॅम निवडायला पुरतो, इंजिन सुरू करायला नाही. कॅम बसवला की आधी तो डिग्री करा, म्हणजे कार्डावरची सेंटरलाइन खरोखर तिथेच येते का ते बघा. एक नंबरच्या इनलेट टॅपेटवर डायल लावा, सर्वोच्च बिंदू शोधून डायल शून्य करा. मग त्याच्या दोन्ही बाजूंना ५० थाऊ खाली असलेल्या जागांचे अंश टिपा आणि सरासरी काढा. ती सेंटरलाइन. कार्ड १०८ म्हणतं आणि तुम्हाला १०५ मिळाले, तर फटीचा सगळा तक्ता तीन अंशांनी चुकला.

या तपासणीत हायड्रॉलिक टॅपेट दगा देतो. खऱ्या स्प्रिंगखाली रिकाम्या टॅपेटचा प्लंजर दबतो, व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि फट आहे त्यापेक्षा जास्त दिसते. पुढे तेलाचं प्रेशर आल्यावर तोच टॅपेट ताठ होतो आणि ती जादा फट नाहीशी. म्हणून तपासणीपुरते दोन टॅपेट ठोस करून घ्या. जुन्या टॅपेटच्या आत वॉशर घालून प्लंजर पक्का केला तरी चालतो. सोबत हलक्या स्प्रिंगा आणि कमीजास्त होणारा पुशरॉड वापरून रॉकरमध्ये शून्य गॅप ठेवा. मुळातच ठोस टॅपेटचं इंजिन असेल तरी तपासणी शून्य गॅपवर करावी, म्हणजे चूक झाली तर सुरक्षित बाजूला होते.

मग क्रँक टीडीसीच्या आधी २० अंशांपासून पुढे २० पर्यंत, दर दोन अंशांवर थांबत फिरवा. प्रत्येक थांब्यावर रॉकरने उघडलेला व्हॉल्व्ह बोटाने आणखी खाली दाबून पिस्टनला टेकवा आणि डायल वाचा. इथे टीडीसी ओव्हरलॅपची हवी, कॉम्प्रेशनची नाही. कॉम्प्रेशनच्या टीडीसीला दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि फट प्रशस्त दिसते. निर्धास्त होण्याचा हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महाग मार्ग. दोन्ही व्हॉल्व्हची मापं मांडली की सर्वात लहान आकडा आपोआप समोर येतो.

हेड उतरवलेलंच असेल तर क्लेचीही तपासणी करा. मुलं खेळतात तीच क्ले चालते. पिस्टनवर, व्हॉल्व्ह येतील तिथे, सहा-आठ मिमी जाडीचा थर द्या, वर तेलाचा हात फिरवा म्हणजे क्ले व्हॉल्व्हला चिकटणार नाही. वापरलेलं, दबलेलं गॅस्केट लावून हेड ठेवा, चार-पाच बोल्ट आवळा. क्रँक पान्याने, चालत्या दिशेने, हळू दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. अडलं याचा अर्थ टेकलं. हेड काढून क्ले ब्लेडने मधोमध कापा आणि सर्वात पातळ जागी व्हर्नियरने मोजा. गॅस्केटविना तपासणी केली असेल तर दबलेल्या गॅस्केटची जाडी नंतर मिळवा.

मापाच्या नेमकेपणात क्ले डायलच्या मागे आहे. पण डायल सांगत नाही ते ती दाखवते: व्हॉल्व्हची कड खाचेच्या भिंतीपासून किती दूर आहे. बाजारातले खाचा असलेले पिस्टन वेगळ्या व्हॉल्व्हसाठी किंवा वेगळ्या कोनासाठी बनलेले असू शकतात. उभी फट तीन मिमी आणि कडेची फट शून्य, असंही इंजिन भेटतं.

फट कमी पडली तर

आधी फुकटचे उपाय. इनलेट कमी आणि एक्झॉस्ट भरपूर असेल तर कॅम थोडा रिटार्ड करा. उलट असेल तर अ‍ॅडव्हान्स. खुणा बदलता येणारा टायमिंग सेट लागतो, बाकी काही नाही. दोन्हीकडे कमी असेल तर दुसरा कॅम बघा: तेवढ्याच लिफ्टचा, पण रुंद लोब सेपरेशनचा किंवा सहा-आठ अंश कमी ड्युरेशनचा. रस्त्यावरच्या गाडीला हा कॅम बहुधा जास्त मानवतो. ओव्हरलॅप कमी, आयडल बरं, ब्रेक बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम.

जाड गॅस्केट हा सगळ्यांना सुचणारा आणि मला न पटणारा उपाय. फट वाढते खरी, पण पिस्टनचा सपाट भाग आणि हेड यांच्यातली दाबाची अरुंद फट, जी एक मिमीच्या आसपास असावी, ती रुंदावते. मिश्रण नीट घुसळलं जात नाही, कॉम्प्रेशन घटतं आणि नॉकिंगची (मिश्रण आपोआप पेटून ठोके पडण्याची) शक्यता उलट वाढते.

पिस्टनमध्ये खाचा कापणं हा पक्का उपाय. पण खाचेचा तळ व्हॉल्व्हच्याच कोनात हवा, आणि माथ्याची जाडी व पहिल्या रिंगपर्यंतचं अंतर किती उरलं पाहिजे ते पिस्टन बनवणाऱ्यालाच विचारून घ्यावं. कंपनीचे ओतीव पिस्टन या बाबतीत फोर्ज्ड पिस्टनइतके माफ करत नाहीत. खाचांनी कॉम्प्रेशनही जातं. एलएस-१ चा एक सिलिंडर ७०८ सीसीचा, १०.१ कॉम्प्रेशनला वरची जागा ७८ सीसीच्या आसपास. दोन खाचांनी मिळून ४ सीसी वाढले तर कॉम्प्रेशन साधारण ९.६५ वर येतं.

फट जमली तरी स्प्रिंगा तपासायच्या राहतात, आणि पूर्ण लिफ्टचा आकडा कामाला येतो तो इथे. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटायला किमान ६० थाऊ बाकी हवेत, आणि रिटेनर व सील यांच्यात ५० थाऊ. नव्या कॅमला जुन्या स्प्रिंगा ठेवल्या की फ्लोट लवकर सुरू होतो, आणि मग काळजीने मोजलेल्या १०० थाऊला काही अर्थ उरत नाही.

नंतरच्या काही जीएम व्ही-८ मध्ये चालत्या इंजिनात कॅम फिरवणारा फेझर आहे. तिथे एका जागी मोजून भागत नाही. फेझर कॅमला पूर्ण अ‍ॅडव्हान्स आणि पूर्ण रिटार्ड अशा दोन्ही टोकांना नेऊ शकतो, म्हणून इनलेटची फट पहिल्या टोकाला आणि एक्झॉस्टची दुसऱ्या टोकाला मोजायची. मोठ्या कॅमबरोबर अशा इंजिनांत फेझरची हालचाल अडवणारा लिमिटर बसवतात. फक्त ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) ट्यूनमध्ये मर्यादा घालून ठेवली तर इंजिन बंद-चालू होताना, तेलाचा दाब नसताना, फेझर कुठे जाईल याची खात्री देता येत नाही.